अमिनोने पानगळ अडवली का? निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेचे प्रकरण

निफाड तालुक्यात काळ्या जमिनीवर असलेल्या थॉमसन जातीच्या एका बागेत, गोडी बहाराच्या (फळांसाठीच्या) छाटणीआधी पानगळ व्हावी म्हणून इथेफॉन या इथिलीन वायू सोडणाऱ्या औषधाची फवारणी करण्यात आली. फवारणी ब्लोअरने दोन टाक्यांत झाली. पहिल्या टाकीच्या ओळींतील पाने आठवडाभरात पिवळी पडून देठासकट गळाली, तर दुसऱ्या टाकीच्या ओळींत काडीच्या बुडाकडची जुनी पाने तेवढी गळून वरची हिरवीगार राहिली. छाटणीची मजूर टोळी ठरलेली होती, त्यामुळे त्या ओळींतील पाने हाताने ओरबाडून काढावी लागली. ती ओरबाडताना काही ठिकाणी डोळे दुखावले गेले आणि पुढे त्या ओळींत फूटही मागेपुढे झाली. द्राक्षात छाटणीपूर्व पानगळीला इतके महत्त्व दिले जाते ते याचसाठी. पाने वेळेवर गळाली की डोळे फुगायला लागतात, छाटणी सोपी होते, डाऊनी आणि करपा या बुरशीजन्य रोगांचे अवशेष बऱ्याच अंशी वेलीवरून खाली येतात आणि फूट काढणाऱ्या हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग (डोळ्यांवर लेप) केल्यावर फूट एकसारखी निघते.

दुसऱ्या टाकीत एक गोष्ट जास्तीची होती. पानगळीचा ताण वेलीला बसू नये म्हणून कृषी सेवा केंद्राच्या सल्ल्यावरून तिच्यात अमिनो आम्लांचे द्रावण मिसळले होते. बागाईतदारांचा मुलगा नाशिकमध्ये एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकतो. त्याने नुकताच एक शोधनिबंध वाचला होता आणि त्यावरून त्याने निकाल दिला, ‘अमिनो आम्ले इथिलीनच्या पूर्वगामी रेणूची वाट अडवतात, म्हणून पाने गळाली नाहीत.’ हा निकाल परिसरातील बागाईतदारांमध्ये पसरला आणि ‘इथेफॉनमध्ये अमिनो टाकू नका, ते संप्रेरकालाच मारते’ अशा रूपात तो माझ्यापर्यंत आला. हे प्रकरण मी सविस्तर लिहीत आहे, कारण त्या मुलाने वाचलेले संशोधन खरे होते आणि बागेत दिसलेली घटनाही खरीच होती; प्रश्न एवढाच होता की या दोहोंना जोडणारा दुवा खरा आहे का.

संशोधन काय सांगते

इथिलीन हा पाने गाळण्याचा संदेश देणारा वायुरूप संप्रेरक (हार्मोन) आहे. दिव्याच्या गॅसमुळे प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे खुजी, जाड आणि वाकडी होतात, आणि त्यामागे त्या गॅसमधील इथिलीन आहे, हे सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्युबोव्ह यांनी १९०१ साली दाखवले. वनस्पती हा वायू स्वतः कसा तयार करते, याचा शेवटचा मोठा टप्पा १९७९ साली उलगडला. मेथिओनीन या अमिनो आम्लापासून एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनीन, त्यापासून एसीसी आणि एसीसीपासून इथिलीन, ही साखळी शांग फा यांग आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॅलिफोर्नियात मांडली. आपल्या प्रकरणात या साखळीतला एसीसी महत्त्वाचा आहे. पूर्ण नाव घेतले तर १-अमिनोसायक्लोप्रोपेन-१-कार्बोक्सिलिक आम्ल, म्हणजे रचनेने हा एक छोटा अमिनो आम्लच आहे, मात्र तो प्रथिनांत गुंफला जात नाही.

अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीच्या, अंधारात उगवलेल्या रोपाला एसीसी दिला, तर पेशी त्याचे इथिलीन करतात आणि रोप तसेच खुजे, जाड होते आणि त्याच्या शेंड्याचा बाक वाढतो. या तिहेरी प्रतिसादाचा उपयोग करून इथिलीनला न जुमानणारी उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेली) रोपे शोधता येतात, आणि १९९३ साली ईटीआर१ या ग्राहीच्या (इथिलीन ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाचा उलगडा झाला तो याच मार्गाने. इथिलीनची बाटली हाताळण्यापेक्षा पोषक माध्यमात एसीसी मिसळणे सोपे असल्याने अनेक प्रयोगशाळा एसीसीलाच इथिलीनचा पर्याय म्हणून वापरत आल्या. ही सोय आहे, आणि तिच्यात एक खाच आहे. एसीसीला रोपाने प्रतिसाद दिला नाही, तर त्याचे कारण संदेशवहनात असू शकते, एसीसीचे इथिलीन करणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) असू शकते किंवा एसीसी मुळात पेशीत शिरलाच नाही, असेही असू शकते.

दक्षिण कोरियातील एका गटाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात नेमके हेच निघाले. त्यांना सापडलेले एक उत्परिवर्ती रोप एसीसीला दाद देत नव्हते. पण तेच रोप इथिलीन वायूत ठेवले की इतर रोपांसारखेच खुजे होत होते. म्हणजे ग्राही शाबूत, पुढची साखळीही शाबूत. दोष सापडला तो एलएचटी१ या वाहक प्रथिनाच्या जनुकात. लायसिन-हिस्टिडीन वाहक असे नाव असले तरी हे प्रथिन अनेक अमिनो आम्ले आत घेते, आणि मुळांनी मातीतून अमिनो आम्ले शोषण्यात व पानाच्या गराच्या पेशींत ती भरण्यात त्याचा वाटा आहे हे २००६ सालीच दाखवले गेले होते. कोरियातील गटाने किरणोत्सारी कार्बनने खूण केलेला एसीसी पेशींना देऊन त्या उत्परिवर्तीत तो कमी शिरतो हेही दाखवले. त्यांनी अ‍ॅलॅनिन आणि ग्लायसिन ही साधी अमिनो आम्ले एसीसीसोबत दिली, तेव्हा एसीसीचा परिणाम मंदावला, कारण ती त्याच वाहकाची गिऱ्हाइके होत. मुलाच्या वाचनात आलेले वाक्य हेच.

संप्रेरकांच्या जगात असे आधीही घडले होते. ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाला दाद न देणारे ऑक्स१ हे उत्परिवर्ती घ्या. १९९६ साली त्याच्या जनुकाची ओळख पटली तेव्हा ते अमिनो आम्लांच्या वाहकांशी नाते सांगणारे प्रथिन निघाले. ऑक्सिन आणि ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल यांच्या रचनेतले साम्य पाहता हे नाते अनपेक्षित नव्हते. तिथेही वाहकाशिवाय आत झिरपणारे एनएए हे कृत्रिम ऑक्सिन दिले की मुळाची वाकण्याची क्षमता परत येते, आणि वाहकाची गरज असलेले २,४-डी हे दुसरे कृत्रिम ऑक्सिन दिले की येत नाही. दोन्ही उदाहरणांत निदानाची युक्ती एकच आहे: संशयित पायरी टाळून पुढच्या पायरीवर थेट रेणू पोचवायचा आणि प्रतिसाद परत येतो का ते पाहायचे. बागेतले कोडे सोडवायला मला हीच युक्ती पुरेशी वाटली, त्यासाठी जनुकांपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

दुवा कुठे निसटतो

इथेफॉन म्हणजे २-क्लोरोइथिल फॉस्फोनिक आम्ल. त्यात अमिनो गटच नाही. त्याला एलएचटी१ ने आत घ्यावे असे त्याच्या रचनेत काही नाही आणि घेतले नाही म्हणून बिघडतही नाही, कारण त्याचा विघटनाचा मार्ग एसीसीच्या मार्गाला बगल देतो. बाटलीतील आम्लधर्मी द्रावणात तो स्थिर असतो. सामू (आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) ४ ते ५ च्या वर गेला की हळूहळू फुटून इथिलीन, फॉस्फेट आणि क्लोराईड होतो. पानाच्या आतला सामू त्याहून जास्त असल्याने फवारलेला इथेफॉन पानात शिरल्यावर विकराच्या मदतीशिवायच फुटतो, आणि त्यातून सुटलेल्या इथिलीनला पेशीच्या आतील पडद्यांच्या जाळ्यावर (आंतर्द्रव्यजालिकेवर) बसलेल्या ग्राहीपर्यंत पोचायला कोणत्याही वाहकाची गरज लागत नाही. तो वायू पटलांतून तसाच आरपार जातो. तेव्हा अमिनो आम्लांनी एसीसीची वाट कितीही अडवली, तरी इथेफॉनपासून सुटलेला इथिलीन अडण्याचे कारण नाही.

एक शंका मात्र उरते, आणि ती मुलानेच उपस्थित केली. ‘मॅडम, बाहेरून आलेल्या इथिलीनमुळे पान स्वतःचा एसीसीही तयार करू लागते ना?’ हे बरोबर आहे, काही ऊतींत इथिलीन स्वतःच्याच निर्मितीला चालना देतो. शिवाय पाणी साचलेल्या टोमॅटोच्या मुळांत तयार झालेला एसीसी वाहिन्यांतून पानांत पोचतो, हे यांग यांच्याच प्रयोगशाळेने १९८० साली दाखवले आहे. परंतु पेशीने स्वतःच्या आत बनवलेल्या एसीसीला आत शिरण्यासाठी दार लागत नाही. ऊतींमधल्या देवाणघेवाणीत अडथळा झाला तर परिणाम थोडा कमी होईल. निम्मी बाग हिरवी राहण्याइतका मोठा फरक त्यातून पडावा, हे मला पटले नाही.

बागेवर काय आढळले

अमिनोशिवाय दोन टाक्यांत आणखी काय वेगळे होते, हे कोणी विचारलेच नव्हते. ते विचारल्यावर बागाईतदार अण्णांनी जे सांगितले, त्याने प्रकरणाची दिशा बदलली. पहिली टाकी शेततळ्यातील पाण्याने भरली होती, म्हणजे पावसाळ्यात साठलेले मऊ पाणी. मग तळ्यावरची मोटार बंद पडली, म्हणून दुसरी टाकी बोअरच्या पाण्याने भरली. ती संध्याकाळी तयार करून ठेवली आणि पाऊस लागल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी फवारली गेली. शिवाय दुसऱ्या टाकीच्या ओळी बांधाच्या खालच्या अंगाला, ओलीच्या आणि जोमदार वाढीच्या होत्या. नत्र आणि पाणी भरपूर मिळालेल्या वेली पाने सहजी सोडत नाहीत, हे प्रत्येक बागाईतदाराला माहीत असते. म्हणजे एका अमिनोऐवजी पाणी, रात्रभराचा उशीर, जमिनीचा उतार आणि अमिनो अशा चार गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या, आणि बाटली नवीन असल्यामुळे तिच्यावर सगळ्यांची नजर गेली.

बोअरच्या पाण्याचा जुना परीक्षण अहवाल घरात होता. बायकार्बोनेट लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर. हा आकडा किती मोठा आहे ते हिशेबाने कळते. ३९ टक्क्यांचा इथेफॉन लिटरला अडीच मिलिलिटर या मात्रेत घेतला, तर लिटरभर पाण्यात सुमारे १ ग्रॅम इथेफॉन, म्हणजे साधारण ७ मिलिमोल पडतो. ४३० मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजेही साधारण ७ मिलिमोलच. इथेफॉनचा पहिला आम्ल प्रोटॉन सामू अडीचच्या आसपास सुटतो आणि दुसरा सव्वासातच्या आसपास. इतके बायकार्बोनेट असलेले पाणी पहिला प्रोटॉन जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते, आणि मग जे द्रावण मऊ पाण्यात ३ च्या आसपास राहिले असते ते ५ ते ६ च्या घरात जाते. त्यात अमिनोच्या बाटलीच्या लेबलवर सामू ७.५ ते ८.५ आणि पोटॅशियमचा पाया लिहिलेला. प्रथिनांचे विघटन करून बनवलेली काही उत्पादने अशी अल्कधर्मी असतात. ती सामू आणखी वर ढकलतात आणि तिथेच धरून ठेवतात.

टाकीत रात्रभर किती इथेफॉन फुटला असेल? २५ अंश तापमानाला सामू ७ ला त्याचे अर्धआयुष्य सुमारे अडीच दिवस, तर सामू ५ ला सत्तर दिवसांहून अधिक आहे. म्हणजे १२ तासांत फार तर सातवा-आठवा हिस्सा गेला असेल. तेवढ्याने पाने हिरवी राहत नाहीत, हे नोंदवले पाहिजे, कारण ‘औषध टाकीतच उडून गेले’ हे उत्तर सोयीचे असले तरी हिशेबात बसत नाही. माझ्या मते मोठा भाग पानावर घडला असावा. जास्त सामूला दोन ऋणभार धारण केलेला रेणू मेणचट आवरणातून आत शिरायला अवघड जातो, आणि जो पानाच्या पृष्ठभागावरच फुटतो त्याचा इथिलीन हवेत मिसळून जातो. देठाच्या बुडाशी, जिथे विलगस्तर (पान सुटे करणारा पेशींचा थर) तयार व्हायचा असतो, तिथे पुरेसा पोचत नाही. पानाच्या पात्यातून येणारा ऑक्सिन हा स्तर रोखून धरत असतो आणि इथिलीनने त्या रोखण्यावर मात करायची असते, म्हणून जोमदार वेलीवर कमी इथिलीन पोचला तर पान टिकते.

पडताळणी

याच बागाईतदारांच्या, उशिरा छाटणी असलेल्या दुसऱ्या तुकड्यात तपासणी करायचे ठरले. त्याआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक साधी चाचणी केली. काडीचे देठासह तुकडे घेतले, पाती कापून टाकली, निम्मे तुकडे अमिनोच्या फवारणीच्याच मात्रेच्या द्रावणात आणि निम्मे साध्या पाण्यात बुडवून ओल्या स्पंजात उभे केले. मोठ्या काचेच्या झाकणबंद बरण्यांत वाटीभर इथेफॉन ठेवून त्यात शेवटी कॉस्टिक सोडा टाकला आणि झाकण लावले. सुटलेला वायू तुकड्यांना लागला, इथेफॉन मात्र त्यांना स्पर्श करत नव्हता. तुलनेसाठी काही बरण्यांत वायू सोडला नाही. पाते कापल्याने ऑक्सिन थांबतो आणि देठ आज ना उद्या गळतोच, म्हणून पाहायचे ते कोण आधी गळते एवढेच. वायू असलेल्या बरण्यांतले देठ बोटाने हलकेच ढकलले की निसटत आणि मागे स्वच्छ, फिकट, गोलसर व्रण राहत असे; वायू नसलेल्या बरण्यांतले देठ त्या वेळी ढकलले तर साल ओरबाडून हातात येत असे. अमिनोत बुडवलेले आणि न बुडवलेले यांत फरक दिसला नाही. कोरियातील गटाने उत्परिवर्ती रोपाला जो प्रश्न विचारला होता, तोच इथे बरणीत विचारला गेला: वाहकाची पायरी टाळून वायू दिला, तर प्रतिसाद येतो का? आला. अमिनोने इथिलीनच्या संदेशवहनाला धक्का लावलेला नव्हता.

बागेत ओळी आलटून पालटून घेतल्या, म्हणजे उतार आणि जोम यांचा गोंधळ राहू नये. पाठीवरच्या पंपाने, द्रावण तयार केल्या केल्या फवारणी केली; प्रत्येक द्रावणाचा सामू पट्टीने पाहिला. तळ्याच्या पाण्यात एकट्या इथेफॉनचा सामू ३ च्या आसपास, अमिनो मिसळल्यावर ३ आणि ४ च्या दरम्यान. बोअरच्या पाण्यात ६ च्या जवळ, अमिनोसह जवळजवळ ७. पाचव्या द्रावणात बोअरच्या पाण्यात आधी सायट्रिक आम्ल टाकून सामू ४ च्या खाली आणला, नंतर अमिनो आणि शेवटी इथेफॉन. परिणामही जवळपास सामूच्याच क्रमाने लागला. तळ्याच्या पाण्याच्या दोन्ही ओळी चांगल्या गळाल्या, अमिनोची किंचित मागे. बोअरच्या साध्या ओळींत गळ ठिपक्याठिपक्यांनी झाली आणि बोअर-अमिनोच्या ओळी सर्वांत हिरव्या राहिल्या. सामू उतरवलेल्या बोअर-अमिनोच्या ओळी मात्र तळ्याच्या ओळींच्या रांगेत जाऊन बसल्या. अमिनो होते तेवढेच होते, सामू बदलला आणि पाने गळाली.

ही एका बागेतली, एका हंगामातली, मोजक्या ओळींची तपासणी आहे. तिच्यावर शिफारस उभारता येणार नाही. तळ्याच्या पाण्यातही अमिनोची ओळ थोडी मागे राहिली, त्याचे कारण सामूतला लहान फरक की नत्राने पानाला मिळालेला हिरवेपणा, हे या तपासणीने वेगळे करता आले नाही. परंतु ‘अमिनो संप्रेरकाला मारते’ हा दावा मात्र यात टिकला नाही.

बागाईतदारांनी पुढच्या वर्षीसाठी जे ठरवले ते साधे आहे. इथेफॉनसाठी तळ्याचेच पाणी. ते नसेल तर आधी पाण्याचा सामू उतरवायचा, इथेफॉन सर्वांत शेवटी टाकायचा आणि टाकी त्याच सत्रात संपवायची. पुष्कळ बागाईतदार इथेफॉनसोबत झिरो-बावन्न-चौतीस हे विद्राव्य खत टाकतात, त्याचे द्रावणही आम्लधर्मी असते आणि ती जोडी त्यामुळे निभावून जाते, हा एक आनुषंगिक उलगडा झाला. अमिनो वापरायचेच असेल तर ते पानगळीच्या टाकीत घालायचे नाही. जे पान पाडायचे आहे त्याला पोषण देण्यात तसेही फारसे शहाणपण नाही. २०२१ साली खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन जैवउत्तेजके कायद्याच्या कक्षेत आली आणि प्रथिन विघटके व अमिनो आम्ले हा त्यांचा एक वर्ग ठरला. तेव्हा दुकानदाराकडे बाटलीतील घटकांसोबत सामूही विचारावा, एवढा आग्रह शेतकऱ्याने धरायला हरकत नाही.

मुलाने वाचलेला निबंध यामुळे निरुपयोगी ठरत नाही. उलट तो पुढे लागू पडेल अशी जागा जवळ येत आहे. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत सफरचंद आणि पीच यांच्या फळविरळणीसाठी एसीसी हाच फवारणीचा पदार्थ म्हणून नोंदवला गेला आहे. इथेफॉनला लागत नाही ते दार एसीसीला लागते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामानुसार तर परागनलिकेला बीजांडाकडे ओढण्यात एसीसी इथिलीनमध्ये न बदलताच, ग्लुटामेट ग्राहींसारख्या दिसणाऱ्या वाहिन्यांमार्फत भाग घेतो. म्हणजे अमिनो आम्ल आणि संप्रेरक यांच्यातली सीमारेषा आपण समजत होतो तितकी पक्की नाही. उद्या असे उत्पादन द्राक्षात किंवा डाळिंबात आले आणि कोणी त्यात अमिनोची बाटली ओतली, तर ग्लायसिन आणि अ‍ॅलॅनिन एसीसीशी त्या दाराशी खरोखरच स्पर्धा करतील. तेव्हा सामू उतरवून काही साधणार नाही, दोन्ही फवारण्या वेगवेगळ्याच कराव्या लागतील. मुलाने आपल्या प्रकल्पासाठी आता हाच प्रश्न घेतला आहे: द्राक्षाच्या रोपांवर एसीसी, सोबत ग्लायसिन वाढत्या मात्रेत, आणि तुलनेला इथिलीन वायू.